पुढच्या वळणापर्यंतच!

मैत्रिणींनो, साताऱ्यात २०१२ साली सुरू झालेल्या हिल मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर धावायचं असतं आणि वाटेत यवतेश्वरचा घाट चढायचा असतो. अख्खा घाट डोळ्यांपुढे आणला तर पाय तिथंच गळतात. म्हणून नजर फक्त पुढच्या वळणावर ठेवायची. आपल्या गावातल्या तीन किलोमीटरलाही हेच लागू पडतं. पुढचा विजेचा खांब गाठायचा, मग त्याच्या पुढचा. पापडाचं सगळं पीठ बघत बसलो तर पापड होतील का? एकेक लाटी घेतो, तेव्हाच डबा भरतो.

सुरुवातीला बोलता येईल इतक्याच वेगानं पळा. दम लागला तर चाला. चालणं म्हणजे हरणं नव्हे. मन म्हणालं, ‘माझ्यानं होत नाही बाई’, तर त्याला सांगा, ‘दोन मिनिटांनी बघू.’ बरेचदा तेवढ्यात त्याची कुरकुर थांबते. मात्र छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवा. तिथं जिद्द नको.

आणि लोक हसले तर? हसू देत. १९८४ पूर्वी ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी मॅरेथॉनच नव्हती. त्यांना झेपणार नाही, म्हणे! त्या धावल्या आणि पुऱ्या ४२ किलोमीटर धावल्या. आपल्याला तर फक्त पुढचा खांब गाठायचाय.