फॉरमॅट मारण्याआधी

सिडकोतलं कॅनॉट असो की निराला बाजार, व्हायरस लागलेलं मशीन टेबलावर आलं की आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ गिऱ्हाईक मान डोलावतं आणि जाता जाता विचारतं, ‘भाऊ, फोटो तेवढे राहतील ना?’ आपलं खरं काम तिथे सुरू होतं. विंडोज तासाभरात परत टाकता येतं. मुलीच्या बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

घरगुती मशीनला ज्याने फार छळलं, त्या डीजेव्हीयू रॅन्समवेअरचंच घ्या. फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरं लागतात आणि फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी पडते. ती पुसू नका. तिच्यातला आयडी ‘टी१’वर संपत असेल, तर फाइली ऑफलाइन किल्लीने लॉक झालेल्या असतात. अशा काही फाइली एम्सिसॉफ्टच्या २०१९ पासून मोफत मिळणाऱ्या टूलने उघडतात; आज नाही उघडल्या तर किल्ली हाती लागल्यावर उघडू शकतात. शिवाय हा रॅन्समवेअर मोठ्या फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग बिघडवतो, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ पुष्कळदा दुरुस्त होतात. फॉरमॅट मारला की या सगळ्या वाटा बंद. म्हणून आधी नेट तोडा, डिस्क काढून तिची इमेज घ्या आणि मगच साफसफाईला हात घाला.

हा रॅन्समवेअर येतो बहुतेक क्रॅकमधून, आणि अँटीव्हायरस बंद करून क्रॅक टाकून देणारे हात अनेकदा आपल्याच धंद्यातले असतात. हे थांबलंच पाहिजे. याच धंद्याने उलटंही करून दाखवलंय: कैलास आणि संजय काटकर या भावांचं क्विक हील अँटीव्हायरस उभं राहिलं ते पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानातून, आलेल्या मशीनमधल्या व्हायरसवर तोड शोधता शोधता. दुरुस्ती करणाऱ्याची कुवत एवढी मोठी असते.

बॅकअपचं विचारलं की वाळूजचा छोटा कारखानदार सांगतो, ‘टॅलीचा बॅकअप डी ड्राइव्हला आहे की.’ सी आणि डी बहुतेकदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, हे त्याला कुणी समजावलेलंच नसतं. कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही रॅन्समवेअर सोडत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला आडवं केलं, न्हावाशेव्याला जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या डोमेन कंट्रोलरची एकच धड प्रत उरली होती, घानात. वीज गेल्याने तिथला सर्व्हर त्या वेळी नेटवर्कबाहेर होता, म्हणून ती वाचली. गिऱ्हाइकाला हेच सांगा: बॅकअप घ्या, एक फाइल उघडून बघा, डिस्क काढा आणि कपाटात ठेवा.

या कामाला वेळ लागतो, तेव्हा त्याचे पैसे उघड मागा. दरपत्रकात ‘डेटा बॅकअप’ ही ओळ फॉरमॅटच्या वर लिहा, आणि मशीन परत देताना गिऱ्हाइकाच्या समोर त्याचे चार फोटो उघडून दाखवा. त्याने होकार दिला की आपल्या दुकानातली त्याच्या डेटाची प्रत पुसून टाका.