गिअरची लाज कशाला?

सायकल म्हटली की शर्यतच आठवावी, हे मला पटत नाही. १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ सुरू झाली, ती एका वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून! तिचे संयोजक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुबळेपणा वाटे. चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याची मुभा स्पर्धकांना मिळाली ती १९३७ साली. उलट सेंत-एत्येनच्या पॉल द विवी यांनी भटकंतीसाठी याच गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. मला विवींचेच पटते. बर्गंडीतल्या चढउतारांवरून टेकडीवरचे वेझले गाव गाठायचे, तिथले बाराव्या शतकातले चर्च पाहायचे, ते काय मान खाली घालून, धापा टाकीत? दमछाक म्हणजे पराक्रम नव्हे. वाटेतले गाव डोळे भरून पाहिले, हीच सायकलस्वाराची खरी कमाई!