कॉम्प्युटरने लावलेले दिवे

फोटो एडिटिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायचाय असं म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "ग्राफिक्स कार्ड कुठलं घेणार?" दुकानदार हेच विचारतो, यूट्यूबवरचे गुरुजी हेच विचारतात, आणि आता तर लग्नकार्यात भेटणारे काकाही हेच विचारायला लागलेत. मॉनिटर कुठला घेणार, असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय. माझं भांडण या प्रश्नाशीच आहे.

माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. त्याने लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आणलेलं कोटेशन परवा बघितलं. निम्म्याहून जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात. काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांत लुकलुकणारे पंखे. रॅम १६ जीबी. आणि शेवटच्या ओळीत "मॉनिटर २४ इंच". कंपनी नाही, मॉडेल नाही, पॅनेल कुठलं ते नाही. किराणा सामानाच्या यादीत शेवटी "काडेपेटी" लिहितात तसं!

हा खेळ खेळायचा कॉम्प्युटर आहे हो. गेम खेळताना सेकंदाला किती फ्रेम मिळतात याला महत्त्व असतं. आमच्या आजीचा फोटो गेली साठ वर्षं एकाच फ्रेममध्ये स्वस्थ बसलाय, तिला १४४ हर्ट्झ काय करायचेत?

आता थोडं गणित. ४५ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल फोटोशॉपमध्ये १६ बिटला उघडली की साडेचार कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. झाले २७० एमबी. ही एक लेयर. मुंडावळ्यांची सावली काढायला दुसरी, त्वचेला तिसरी, मागचा मंडपाचा पडदा नीट करायला चौथी... दहा लेयर झाल्या की पावणेतीन जीबी, वर हिस्टरी वेगळी. शेजारी लाइटरूम आणि ब्राउझर उघडे असतातच. १६ जीबी बघता बघता भरतात, आणि मग फोटोशॉप डिस्कवर स्क्रॅच फाइल लिहीत बसतं. मशीन "स्लो" झालं म्हणून आपण कार्डाला नावं ठेवतो. त्यापेक्षा ३२ जीबी घ्या, जमलं तर ६४, आणि मदरबोर्डवर दोन स्लॉट रिकामे ठेवा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले हे खरं, पण या कोटेशनमध्ये कात्री लागली ती रॅमला. दिवे तसेच!

कुणी म्हणेल, एआयचं काय? लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं डीनॉइज ग्राफिक्स कार्डावरच चालतं ना? चालतं. म्हणून कार्ड घेऊच नका असं मी म्हणत नाही. मधल्या किमतीचं, ८ जीबी मेमरीचं घ्या. महागड्या कार्डावर तेच काम लवकर होईल, पण चारशे फोटो रात्री लावून झोपताही येतं. चुकीचे रंग दाखवणारा मॉनिटर मात्र रात्रभर ठेवला म्हणून सकाळी सुधारत नाही.

आणि इथे नुसती हौस नाही, पोटाचा प्रश्न आहे. नवरीचा शालू मोरपंखी. हिरवा-निळा यांच्या मधला हा रंग मोठा खट्याळ. १९९६ च्या एसआरजीबीची धाव नेमकी याच बाजूला तोकडी पडते. १९९८ च्या अ‍ॅडोबी आरजीबीत तिथे बरीच जास्त जागा आहे. स्वस्तातल्या कित्येक पडद्यांना तर एसआरजीबीसुद्धा पूर्ण दाखवता येत नाही. त्यात पॅनेल टीएन जातीचं असेल तर मान जरा वर-खाली केली की चेहऱ्याचा उजेड बदलतो. अशा पडद्यावर बघून तुम्ही रंग "दुरुस्त" करणार, अल्बम छापून येणार, आणि नवरीची आई खरा शालू अल्बमशेजारी पसरून ठेवणार. तिथे तुमचं ग्राफिक्स कार्ड साक्षीला येत नाही.

म्हणून पैसे मॉनिटरपासून उलटे मोजत यावेत. आधी चांगला आयपीएस मॉनिटर, त्याच्यासोबत कॅलिब्रेशनचं यंत्र (मित्रांत मिळून एक घेतलं तरी चालतं). नवा मॉनिटर बहुतेक वेळा डोळे दिपवण्याइतका उजळ लावलेला असतो. त्यावर फोटो छान दिसतो आणि छापल्यावर काळवंडतो. उजेड ८० ते १२० कँडेलापर्यंत खाली आणा, लॅबला शिव्या द्यायची वेळ कमी येईल. आणि हो, ते सात रंगांचे पंखे डोळ्यांसमोर लुकलुकत असताना कुणाच्या त्वचेचा रंग ठरवू नये.

मग रॅम, मग एनव्हीएमई एसएसडी. प्रोसेसर त्यानंतर, कारण फोटोशॉपची बरीच कामं थोड्याच कोअरवर चालतात. चोवीस कोअर घेतले तर बाकीचे मांडवातल्या पाहुण्यांसारखे बसून राहतात. एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर फुकट येणारा नको, आणि यूपीएस हवाच. पावसाळ्यात वीज कधी जाते हे महावितरणलाही ठाऊक नसतं.

स्वतः कॉम्प्युटर जुळवायचा तो यासाठीच, की पैसे कुठे घालायचे ते आपण ठरवावं. ते दुकानदारच ठरवणार असेल तर सरळ तयार डबा उचलावा, निदान वॉरंटीचा कागद एकच राहतो.

कार्डातून वाचलेल्या पैशात दोन मोठ्या हार्ड डिस्क घ्या. रेडमध्ये जोडून "बॅकअप झाला" म्हणू नका. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्हीकडून इमानदारीत पुसतं. एक डिस्क घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी, म्हणजे पाणी शिरलं तरी कुणाचं लग्न वाहून जाणार नाही. भाच्याची दुसरी डिस्क ठेवायला ठाण्याच्या मावशीने कपाटात जागा दिली आहे. मावशी, तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवू नकोस.