‘आजीच्या काळी झोपेच्या गोळ्या नव्हत्या’ : एका लाडक्या असत्याचा इतिहास

१/ माजिवडा नाका मध्यरात्रीही जागा असतो. नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता यांवरून ट्रकांची रांग चालू असते. भोवतालच्या इमारतींत कुणी रात्रपाळीहून परतत असते, कुणी निघत असते. अशा वस्तीत कुणी झोपेची गोळी घेतली की ठरलेले वाक्य कानी येते : “आजीच्या काळी असले काही नव्हते.” हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. #थ्रेड

२/ नाक्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर लालबाग-परळचे गिरणगाव आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ साली औद्योगिक कामगार स्त्रियांविषयी अहवाल दिला. त्यातील नोंद अशी की, या स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात असे. तिचे घरगुती नाव होते बाळगोळी.

३/ अफू का? १९२२ च्या कारखाना कायद्याने कामाची मर्यादा दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास ठरवली. आणि ही ‘सुधारणा’ होती! आई साच्यावर, मूल चाळीच्या खोलीत. आई परतेपर्यंत ते जागे होऊ नये, यासाठी ही गोळी. शिवाय अफू परवानाधारक दुकानांत विकली जाई आणि तिचा महसूल सरकारी तिजोरीत जमा होई.

४/ परिणाम काय? अफूने मुलाची भूक मंदावते, मलावरोध होतो, मात्रा चुकली तर श्वासच क्षीण होतो. रडणे थांबलेले मूल समाधानी दिसते. प्रत्यक्षात ते उपाशी असू शकते. दोष मात्र ‘अडाणी’ आईच्या माथी मारला गेला. त्या अकरा तासांचा धनी कोण, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

५/ आता आक्षेप येईल : ती कच्ची अफू होती, आजची औषधे शास्त्रशुद्ध आहेत. हे आश्वासनही जुनेच आहे. १९०३ साली व्हेरोनल बाजारात आले आणि बार्बिट्युरेट औषधांचे युग सुरू झाले. झोप आणणारी मात्रा व जीव घेणारी मात्रा यांतील अंतर किती अरुंद आहे, हे जगाला मृत्यू मोजून कळले.

६/ १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे ‘निर्धोक’ झोपेचे औषध म्हणून विक्रीस आले. गर्भवतींनीही ते घेतले. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले गेले, तोवर जगभर दहा हजारांहून अधिक बालके जन्मजात व्यंगांची शिकार झाली होती.

७/ १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम आले. बार्बिट्युरेटपेक्षा ही औषधे खरोखरच सुरक्षित होती. हे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणा ठरेल. पण सवय जडणे, विस्मरण आणि वृद्धांचे तोल जाऊन पडणे हे त्यांचे दुष्परिणाम आहेत. अवलंबित्वाविषयीचा ठळक चौकटीतील इशारा अमेरिकी औषध नियामकाने या वर्गातील सर्व औषधांवर २०२० साली बंधनकारक केला.

८/ झोल्पिडेमची कथा अधिक बोलकी आहे. अमेरिकेत त्याला १९९२ साली मान्यता मिळाली. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणण्याचा आदेश आला २०१३ साली. म्हणजे वीस वर्षांनी! झोपेतच चालणे, वाहन हाकणे यांविषयीचा चौकटीतील इशारा तर २०१९ साली आला.

९/ ‘चिठ्ठीशिवाय घेणाऱ्यांचाच दोष’ हा शेवटचा बचाव. भारतात १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम तीत येतात. औषधविक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपायची असते. नियम उत्तमच. पण झोप का उडाली, याचा रकाना त्या वहीत नाही.

१०/ हा औषधांवरचा हल्ला नव्हे. थोड्या काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना स्थान आहे. दीर्घकाळ चालू असलेली गोळी एकाएकी तोडल्यास झटके येण्याचाही धोका असतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागते. हल्ला आहे तो गोळी घेणाऱ्याला दुबळा ठरवून पाळीचे तास नजरेआड करणाऱ्या वृत्तीवर.

११/ आजीच्या काळीही गोळी होती. ती तान्ह्याच्या जिभेवर ठेवली जात होती. तेव्हा अकरा तासांचा हिशेब आईकडून मागितला गेला, आज रात्रपाळीचा हिशेब झोप उडालेल्याकडून मागितला जातो. पुढच्या वेळी ते वाक्य कुणी उच्चारले, तर प्रथम त्या माणसाच्या कामाचे तास विचारावेत. (समाप्त)