कुणाचं काय घोडं मारलंय?

दुर्मिळ बिअर विकत घ्यायची, ती न पिता तशीच ठेवायची आणि इंटरनेटवर लिलावात चढ्या भावानं विकायची, हा धंदा करणाऱ्या लोकांचा मला राग येतो आणि आज तो इथे काढणार आहे. घरची मंडळी हे वाचतात याची कल्पना आहे. म्हणून आधीच सांगतो: काका, मामा, आत्या, "बिअर प्या" असं सांगणारा हा लेख नाही. ज्यांना हा शब्दच खटकतो त्यांनी त्या जागी हापूस वाचावं, बराचसा मुद्दा तसाही कळेल. (बराचसा. सगळा नाही. का नाही, ते पुढे येईलच.)

निमित्त आहेत ओळखीतले एक सद्गृहस्थ. इथले न्यू इंग्लंडमधलेच, आपलेच मराठी, उत्तम पगाराची नोकरी. पण गेली काही वर्षं हा त्यांचा 'साइड बिझनेस' आहे. शनिवारी पहाटे उठून कुठल्या तरी ब्रुअरीच्या रांगेत उभं राहायचं, बायकोला आणि मेव्हण्यालाही उभं करायचं (माणशी मर्यादा असते ना!) आणि संध्याकाळपर्यंत बाटल्यांचे फोटो बोलीसाठी चढवायचे. स्वतः थेंबही पीत नाहीत. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "अरे, पैसे मोजून घेतो, पैसे घेऊन विकतो. कुणाचं काय घोडं मारलंय मी?"

प्रश्न चांगला आहे. हे घोडं कुणाचं, ते शोधूच.

आधी ही बिअर दुर्मिळ का असते ते बघू. ब्रसेल्समध्ये अँडरलेख्ट भागात कांतियों नावाची एक ब्रुअरी आहे, १९०० सालापासूनची. अजूनही एकाच कुटुंबाची. तिथे लांबिक नावाची आंबट बिअर करतात आणि तिच्यात बाहेरून यीस्ट घालत नाहीत. उकळलेला काढा माळ्यावरच्या उथळ, पसरट भांड्यात रात्रभर उघडा ठेवायचा. हवेतले जंतू त्यात आपले आपण उतरतात आणि आंबवण्याचं काम सुरू होतं. हे फक्त थंडीच्या महिन्यांत जमतं, उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात. मग तो रस लाकडी पिंपांत जातो आणि एक, दोन, तीन वर्षं मुरलेले रस एकत्र करून 'ग्यूझ' नावाची बिअर बनते. आता सांगा, मागणी वाढली म्हणून पुढच्या महिन्यात दुप्पट माल काढा असं यांना कसं सांगणार? थंडी वाढवता येत नाही आणि तीन वर्षं तीन महिन्यांत उरकता येत नाहीत.

दुसरा प्रकार वेगळा आहे. बेल्जियममध्येच वेस्टव्हलेटेरेन गावी सिंट सिक्सटस नावाचा ट्रॅपिस्ट साधूंचा मठ आहे. तिथली 'वेस्टव्हलेटेरेन १२' ही जगातली सर्वोत्तम बिअर आहे असा कौल २००५ साली एका बिअरप्रेमींच्या साइटवर लागला आणि मठासमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. कुठलाही कारखानदार असता तर दुसऱ्या दिवशी नवी भट्टी टाकली असती. साधूंनी असं काही केलं नाही. मठाचा खर्च निघेल आणि हातून सत्कृत्य घडेल इतकंच काढायचं हे त्यांचं ठरलेलं आणि उरलेला वेळ प्रार्थनेचा. त्यांनी काय केलं, तर फोनवर आगाऊ नोंदणी सुरू केली. गाडीचा नंबर सांगायचा, दिलेल्या वेळी यायचं, क्रेट घ्यायचं आणि एकच अट पाळायची: ही बिअर पुढे कुणाला विकायची नाही.

इथे आमचे सद्गृहस्थ आणि त्यांच्यासारखे अर्थशास्त्री पुढे सरसावतात. म्हणतात, "पण मग भाव कमी ठेवलाय ना त्यांनी! बाजारात दहापट मिळतायत. म्हणजे मूळ किंमतच चुकलीय. आम्ही फक्त खरी किंमत शोधून काढतो."

हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की कमी भाव ही त्या साधूंची चूक आहे. बिचाऱ्यांना बाजार कळत नाही! हे साफ खोटं आहे आणि त्याचा पुरावा साधूंनीच दिलेला आहे. २०१२ साली मठाच्या बांधकामाला पैसे हवे होते, तेव्हा त्यांनी आपली बिअर एकदाच अमेरिकेत पाठवली. सहा बाटल्या आणि दोन ग्लास, किंमत सुमारे ८५ डॉलर. तीही हातोहात संपली. म्हणजे बाजार काय देईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गरज होती तेवढ्यापुरतं त्यांनी ते घेतलं, काम झालं आणि ते परत आपल्या जुन्या भावावर गेले. भाव कमी ठेवणं हा त्यांचा निर्णय आहे. आपल्या दारात येणाऱ्या साध्या माणसाला परवडावं म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशात येऊ शकणारे पैसे सोडून दिले.

आता हे सोडलेले पैसे कुणासाठी होते? पिणाऱ्यासाठी. आणि मध्येच ते उचलले कुणी?

आपल्याकडच्या उदाहरणानं सांगतो. लग्नाची पंगत बसली आहे. यजमानानं हौसेनं साजूक तुपातले लाडू केले आहेत. एक पाहुणा पानातले चार लाडू पिशवीत घालतो, फाटकाबाहेर जातो आणि तिथे ते शंभर रुपयाला एक असे विकतो. लाडू त्याला वाढलेलेच होते, चोरी म्हणता येणार नाही. गिऱ्हाईकही राजीखुशीनं घेतंय. पण "लाडवाची खरी किंमत शोधून दिली" म्हणून त्याचा सत्कार कुणी करेल का? यजमानाचा त्यात काही तोटा झाला नाही असं कुणी म्हणेल का? पुढच्या लग्नात तो यजमान लाडू मोजून वाढेल आणि खऱ्या भुकेल्या माणसाला "अजून एक" म्हणायची चोरी होईल.

आणि म्हणूनच हापूसचं उदाहरण पूर्ण लागू पडत नाही. देवगडचा बागायतदार पेटी व्यापाऱ्याला देतो ती त्यानं पुढे विकावी म्हणूनच देतो. व्यापारी वाहतूक करतो, सडलेल्या फळाचा तोटा सोसतो, त्याचा नफा कुणी काढत नाही (फार झाला तर काढतो, पण तो वेगळा लेख). तिथे मधला माणूस बागायतदाराला हवा असतो. इथे बिअर करणारा हात जोडून सांगतोय की बाबा रे, तू मध्ये येऊ नकोस.

बरं, हे लोक हे सगळं उजळ माथ्यानं करतात का? तर तेही नाही. ईबेवर दारू विकायला मनाई होती, पण संग्राह्य बाटल्यांना सूट होती. मग वर्षानुवर्षं तिथे काय चाललं? जाहिरातीत लिहायचं की आम्ही फक्त बाटली विकतोय, संग्राहकांसाठी, आतला द्रव पिण्यासाठी नाही, तो आपला चुकून आत राहिलाय. वा रे वा! पाच डॉलरच्या बाटलीवर शंभराची बोली लागते ती काचेसाठी! शेवटी २०१२ च्या सप्टेंबरमध्ये ईबेनं ती पळवाट बंद केली, तर मंडळी दुसऱ्या छोट्या लिलावांकडे आणि खाजगी गटांकडे वळली. अमेरिकेत परवान्याशिवाय दारू विकणं बेकायदा आहे. टपाल खातं ती नेत नाही आणि खाजगी कुरियर फक्त परवानाधारकांकडून घेतात. म्हणून पार्सलवर भलतंच काहीतरी लिहायचं. ज्याला आपल्या मालाचं नाव पार्सलवर लिहिता येत नाही, त्यानं मला मुक्त बाजारपेठेवर व्याख्यान देऊ नये.

लिलावाचा वेडेपणा कुठवर जातो याचा एक किस्सा सांगतो. ऑलसॉप कंपनीनं १८५२ साली आर्क्टिक मोहिमेसाठी केलेल्या बिअरची एक बाटली २००७ साली ईबेवर आली. विकणाऱ्यानं नावाचं स्पेलिंग चुकवलं होतं, त्यामुळे फारसं कुणाला सापडली नाही आणि ती ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्यानं नाव नीट लिहून ती परत लिलावात टाकली. बोली चढत चढत गेली ५,०३,३०० डॉलरवर! वर्तमानपत्रांत आलं, चर्चा झाली.. आणि मग कळलं की ती बोली खरी नव्हती, पैसे कुणी दिलेच नाहीत. एका अक्षराच्या फरकानं त्या बाटलीतली चव बदलली होती का? बाटलीत काय आहे याच्याशी त्या आकड्यांचा काही संबंध उरला नव्हता.

आता आमच्या जवळचं उदाहरण. व्हरमाँटमध्ये वॉटरबरीला 'द अल्केमिस्ट' ही ब्रुअरी आहे. नवरा-बायकोनं २००३ मध्ये पब म्हणून सुरू केलेली. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब बुडाला आणि त्याच सुमारास त्यांची 'हेडी टॉपर' कॅनमध्ये मिळायला लागली. कॅनला साधारण तीन डॉलर. लोक वेडे झाले. २०१३ मध्ये एका बाईनं क्रेगलिस्टवर पाच केस, म्हणजे १२० कॅन, ८२५ डॉलरला विकायला काढले. गिऱ्हाईक निघालं साध्या वेशातलं सरकारी माणूस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रुअरीला आपलं तिथलं दुकानच बंद करावं लागलं, इतकी गर्दी आणि गाड्या. सगळी गर्दी विकणाऱ्यांची नव्हती हे मान्य. पण पाच-पाच केसचा साठा करणारे त्यात होते, आणि दार बंद झालं ते शेजारच्या गल्लीतून चालत येणाऱ्यालाही बंद झालं.

त्यात हेडी टॉपर आहे आयपीए प्रकारची. हॉप्स नावाच्या फुलांचा वास हाच तिचा जीव आणि तो आठवड्या-आठवड्यानं उडून जातो. थंड ठेवायची आणि ताजी संपवायची. ती एखाद्याच्या गराजमध्ये बोली संपेपर्यंत पडून राहते, मग ट्रकमधून चार राज्यं ओलांडते. जुलैत ट्रक आतून किती तापतो ते वेगळं सांगायला नको. घेणाऱ्याच्या हातात दुप्पट पैशात पडतं ते बनवणाऱ्यानं ओळखलंही नसतं. सिनेमाची तिकिटं ब्लॅकनं विकणारा निदान सिनेमा तरी बिघडवत नाही. पडद्यावर तोच सिनेमा दिसतो. आणि आज गंमत बघा, हेडी टॉपरसाठी तेवढा आटापिटा करावा लागत नाही. मग तेव्हा शोधून काढलेली ती 'खरी किंमत' कुठे गेली?

एक मुद्दा मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. "जो लांब राहतो, ज्याला व्हरमाँटला किंवा बेल्जियमला जाणं शक्य नाही, त्यानं काय करायचं? आम्ही त्याची सोय करतो." मला त्या लांबच्या माणसाबद्दल सहानुभूती आहे. पण बघा, त्याची सोय बिनपैशानंही होत आलेली आहे. बिअरप्रेमींमध्ये जुनी रीत आहे: तू येताना तुझ्या गावची आण, मी माझ्या गावची देतो. बाटलीला बाटली, वर एक जास्तीची भेट म्हणून. त्यात पिणारा पिणाऱ्याला देतो. सद्गृहस्थांनी रांगेत मेव्हण्याला उभं केलं नसतं तर त्या बाटल्या अशाच हातांत गेल्या असत्या.

आता घोडं. ते कुणाचं मेलं हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल, पण हिशोब पूर्ण करतो. कांतियोंची दरवर्षी एक खास बिअर असते, 'झ्वान्झे' नावाची. तिच्या बाटल्या इंटरनेटवर भलत्या भावानं फिरायला लागल्यावर जाँ व्हान रॉय यांनी २०११ पासून वेगळाच मार्ग काढला. बाटल्याच नाहीत. जगभरातल्या निवडक ठिकाणी पिंपं पाठवायची आणि एकाच दिवशी सगळीकडे नळ उघडायचा. या, बसा, प्या, घरी नेता येणार नाही. त्यांच्या ब्रुअरीतही काही बाटल्या तिथेच बसून संपवाव्या लागतात. वेस्टव्हलेटेरेनच्या साधूंनी २०१९ मध्ये नोंदणी ऑनलाइन नेली, तीही मुख्यतः या विकणाऱ्यांना आवरण्यासाठीच. कारण त्याच्या आदल्याच वर्षी हॉलंडमधल्या एका सुपरमार्केटमध्ये त्यांची बिअर बाटलीला ९.९५ युरोनं विकायला ठेवलेली सापडली होती. मठात तीच दोन युरोंच्या आत मिळत होती.

हे उपाय चांगलेच आहेत. पण त्यांची किंमत कोण भरतं? ज्याला एक बाटली घरी नेऊन म्हाताऱ्या वडिलांबरोबर प्यायची होती, तो. ज्यानं तीन वर्षं कधी नियम मोडला नाही आणि तरी ज्याला आता गाडीचा नंबर द्यावा लागतो, तो. विकणाऱ्याला पुढची पळवाट सापडतेच. विश्वासावर चालणारं दुकान बंद होऊन पहाऱ्यावर चालणारं दुकान येतं, ते बाकीच्या सगळ्यांसाठी.

सद्गृहस्थांना मी हे सगळं तोंडावर सांगितलंय, आता लिहूनही ठेवलं. त्यांच्या गराजात आत्ता चाळीसएक बाटल्या आहेत म्हणे. तर माझं म्हणणं इतकंच: एक उघडा. मेव्हण्यालाही द्या, तो बिचारा पहाटे चारपासून रांगेत होता. आवडली तर पुढच्या शनिवारी स्वतःसाठी रांगेत या, मी जागा धरून ठेवीन. नाही आवडली तर शनिवारी झोपा.

आणि काका-मामांनो, तुम्ही हापूस वाचत इथवर आला असाल तर धन्यवाद. :)