गॅस भरून घ्या, सिलेंडर बदलून नको



डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे कॅरॅव्हॅनची चर्चा सुरू होते. वायहीला जायचं की कोरोमंडलला, आजी-आजोबांना पायरी चढवेल का, मुलांच्या सायकली कुठे अडकवायच्या. गॅस मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी आठवतो. मग टौरंगातल्या एखाद्या पंपावर थांबायचं, आपला सिलेंडर द्यायचा, पिंजऱ्यातला भरलेला उचलायचा, कार्ड टेकवायचं आणि निघायचं. मी सीए आहे, त्यामुळे हे बघितलं की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. माझं मत सांगून टाकते: सिलेंडर स्वतःचा ठेवा आणि भरून घ्या. अदलाबदल फक्त अडीनडीला.

भारतात आपण आयुष्यभर अदलाबदलच केली, हे खरं. पण तिथे पहिला सिलेंडर पार संपल्यावर दुसरा लावायचा आणि मग नंबर लावायचा, अशी शिस्त होती. इथे आपण अर्धवट भरलेला देऊन टाकतो, कारण उद्या निघायचंय. समजा ९ किलोच्या सिलेंडरमध्ये ३ किलो शिल्लक आहे. बदलून घेतलात तर ९ किलोचे पैसे मोजून पदरात पडतो ६ किलो गॅस. म्हणजे किलोमागे दीडपट भाव. वाण्याने तांदूळ असा दिला असता तर आपण त्याला दुकानात उभं राहून ऐकवलं असतं! फक्त भरायला देण्याआधी एक विचारा: पैसे किलोवर लावणार की बाटलीमागे ठरलेला आकडा आहे? ठरलेला असेल तर अर्धवट बाटली भरण्यात फायदा नाही.

शिल्लक किती ते कळायला सिलेंडर हलवून बघू नका. त्याच्यावर टीडब्ल्यू असं लिहून पुढे एक आकडा कोरलेला असतो, ते रिकाम्या सिलेंडरचं वजन. बाथरूममधल्या काट्यावर सिलेंडर ठेवा, त्यातून तो आकडा वजा करा, झालं. भारतातल्या १४.२ किलोच्या लाल सिलेंडरवरही रिकामं वजन लिहिलेलं असायचं, आणि माझी आई सिलेंडर आणणाऱ्याला दारातच काटा लावायला सांगायची.

आता किती न्यायचा? एक किलो गॅसमध्ये साधारण ४९ मेगाज्यूल उष्णता असते. कॅरॅव्हॅनमधला एक मध्यम बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला १० च्या आसपास घेतो. म्हणजे तासाला २०० ग्रॅम. सकाळचा चहा-पोहे, संध्याकाळचा वरण-भात मिळून दिवसाला दोन तास धरले तर ४०० ग्रॅम, दहा दिवसांना ४ किलो. फ्रिज आणि गरम पाणीही गॅसवर असेल तर हिशेब वाढेल. माझी पसंती ४ किलोच्या दोन बाटल्यांना. ऐन फोडणीत एक संपली की दुसरी लावायची, आणि उचलताना कंबर बोलत नाही. अर्थात तुमच्या कॅरॅव्हॅनच्या कप्प्यात काय बसतं ते आधी बघा.

जुना सिलेंडर विकत घेत असाल तर रंग बघू नका, तारीख बघा. इथे दर दहा वर्षांनी सिलेंडरची तपासणी लागते आणि शेवटच्या तपासणीची तारीख त्याच्यावर ठोकलेली असते. ती उलटली असेल तर कुणी भरून देणार नाही. व्हॉल्व्हही बघा. पीओएल हा जुना प्रकार, त्याचे आटे उलटे फिरतात. क्यूसीसी नवा, हाताने घट्ट होतो आणि नळी नीट बसल्याशिवाय गॅस सोडत नाही. तुमच्या नळीला जो बसतो तोच घ्या.

पैशांचं इथपर्यंत. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गॅस संपत आला की सिलेंडर आडवा करून उरलासुरला काढायचा, ही आपल्या घराघरांतली विद्या. इथे ती अजिबात करू नका. आडव्या सिलेंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये जातो आणि ज्योत भडकते. (तिथेही हे करायला नकोच होतं.) भरून आणतानाही गाडीत उभा, व्हॉल्व्ह बंद, आणि उन्हात गाडी लावून वाटेत खरेदी नाही.

दुसरं, थंडी. रुआपेहूच्या बाजूला जानेवारीतही रात्री हुडहुडी भरते. आजी कुडकुडतायत म्हणून खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवायची किंवा बार्बेक्यू तंबूच्या आत ओढायचा, हे जिवावर बेतू शकतं. गॅस गळला तर मुद्दाम घातलेल्या वासामुळे कळतं. अपुऱ्या हवेत जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि आपल्याला वाटतं की प्रवासाचा शीण आहे. धुराचा अलार्म त्याला पकडत नाही. त्याचा वेगळा अलार्म मिळतो, तो घ्या, भाड्याची कॅरॅव्हॅन असली तरी घ्या. खाली फरशीजवळच्या झरोक्यांतून वारा येतो म्हणून तिथे टॉवेल कोंबू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याला तिथूनच बाहेर जायचं असतं.

आणि एक विचारू का? भारतात रेग्युलेटर लावणारी, नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणारी घरातली बाईच होती. इथे कॅरॅव्हॅन आली आणि गॅस हे एकदम पुरुषांचं खातं कसं झालं? मी तर म्हणते, फेस लावायचं काम दहा-बारा वर्षांच्या मुलांना द्या, तुम्ही शेजारी उभं राहा. बुडबुडा दिसला की ती कशी ओरडतात बघा. दिसलाच तर व्हॉल्व्ह बंद करा आणि गॅसफिटरला बोलवा, आटे घट्ट करून आवरतं घेऊ नका.

यंदा कुणी साउथ आयलंडला जात असाल तर फेरीवर चढण्याआधी सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे आहेत, फ्रिजचाही गॅस. आणि सिलेंडर नाताळाच्या आदल्या दिवशी भरायला नेऊ नका, अख्खं टौरंगा तिथे उभं असतं.