डॉक्टर व्हायचंय, मग इतिहास कशाला?

माझी मावसबहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली त्याला वीसेक वर्षं झाली. तिची मुलगी यंदा तिथल्या कॉलेजात जाते आहे. पुढे तिला डॉक्टर व्हायचंय, पण मुख्य विषय घेतलाय इतिहास. ही बातमी फोंड्याला पोचली आणि घरात कुणीतरी आजारी पडल्यासारखं वातावरण झालं. "इतिहास शिकून कोण डॉक्टर झालाय?" हा मोठ्या मावशीचा सवाल. मी घरातला एकटा बी.ए., वर सरकारी कारकून, म्हणून तिला समजावायचं काम माझ्याकडे आलं. इतिहास घेतल्यावर काय होतं याचा जिवंत नमुना हवा असणार!

मंडळी, मी तिला समजावणार नाही. तिचं बरोबर आहे.

घोळ आपल्या डोक्यातला आहे. आपल्याकडे दहावी झाली की सोळाव्या वर्षी निकाल लागतो. विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र नसेल तर गोमेकॉचं दार बंद. मग 'नीट'चे १८० प्रश्न, ७२० गुण, सगळे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे. कला शाखेची बस आणि मेडिकलची बस वेगळ्या स्टँडवरून सुटतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे मेडिकलला जायच्या आधी साधारण चार वर्षांची पदवी असते आणि ती कुठल्याही विषयाची चालते. 'प्री-मेड' ही बहुतेक ठिकाणी पदवी नसतेच, ती सोबत करायच्या विषयांची यादी असते: प्रयोगशाळेसह एकेक वर्ष जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र, बहुतेक ठिकाणी जीवरसायन, शिवाय थोडं गणित किंवा संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन. कॉलेजागणिक यादी थोडी बदलते. ती पुरी केली की उरलेल्या वेळात इतिहास शिका, संगीत शिका, कोणी अडवत नाही.

गंमत अशी की मेडिकलच्या आधी विज्ञान पक्कं हवंच, हा आग्रह तिथे रुजवला तो अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० च्या अहवालाने. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. त्यांची पदवी ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याची! (हे मावशीला सांगून उपयोग नाही, पण मला बरं वाटलं.)

आणि लांब कशाला जायचं? आपल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, आणि संस्कृत व शिलालेखांचे जाणकार. अजिंठ्याचे लेख वाचणारा माणूस रोग्याची नाडीही बघत होता. दोन्ही एका डोक्यात मावत होतं.

तिथल्या प्रवेशपरीक्षेलाही हे मान्य आहे. २०१५ पासूनच्या 'एमकॅट'मध्ये चार भाग आहेत. एक मानसशास्त्र-समाजशास्त्राकडे झुकलेला, आणि एक निव्वळ उतारे वाचून विचार करण्याचा, विज्ञानाचा त्यात संबंध नाही. चारही भागांना सारखंच वजन. मानव्यविद्यावाल्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाणही जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी नाही. अर्थात ते अर्ज करतात थोडे, आणि बहुधा ठरवून आलेले असतात, त्यामुळे या आकड्यावर फार नाचू नये.

माझ्या दृष्टीने खरा मुद्दा वेगळा आहे. तिथे दरवर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना जागा मिळत नाही. ती नाही मिळाली तर हातात काय उरणार? जीवशास्त्र केवळ 'बरं दिसतं' म्हणून चार वर्षं ओढलं, तर नावडती पदवी आणि गेलेली फी. आवडीचा विषय असेल तर निदान मनापासून शिकलेलं काहीतरी उरतं. शिवाय आवडीच्या विषयात गुण चांगले पडतात, आणि तिथे पदवीचे गुण फार मोजतात.

तरी तिला एका गोष्टीचा धाक घातलाय. मेडिकलच्या अर्जात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतात. इतिहासातले चांगले गुण तिथे झाकायला येत नाहीत. आणि रसायनाची साखळी आहे: आधी सामान्य, मग सेंद्रिय, मग जीवरसायन. यातच अडीच वर्षं सहज जातात. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणारा शेवटच्या वर्षी अडकतो. एका सत्रात तीन प्रयोगशाळाही घेऊ नयेत. इतिहासाचे निबंध लिहायला रात्र उरली पाहिजे.

तेव्हा पोरी, इतिहास घे. फक्त रसायनाचा पहिला तास पहिल्याच सत्रात लाव.